चिमीची वेळ

"हात दाखव," कुंदाताई म्हणाल्या.

मी दाखवला. त्यांनी मनगट धरून माझी बोटं नाकाशी नेली आणि अख्ख्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोबरेल!"

टेबलावर परत आलेल्या बोर्डांचं खोकं उपडं केलेलं होतं. कुंदाताईंनी त्यातला एक बोर्ड उचलला, ट्रान्सफॉर्मर चिमटीत धरून डुगडुगवला. पडायला आलेल्या दातासारखा तो हलला. खालच्या जोडाभोवती केसाएवढी काळी रेघ होती आणि बोर्डाच्या कोपऱ्यात पोपटी ठिपका. पोपटी म्हणजे मी.

कुपवाडच्या एमआयडीसीतलं ते एक पत्र्याचं शेड होतं. शेतातल्या पंपाला बसवायचे ऑटो-स्विच आम्ही बनवायचो. रानात कुणी नसताना वीज आली तरी मोटर आपली आपण सुरू करणारा डबा. त्याच्या पोटातला बोर्ड आम्ही बायका भरायचो. छिद्रांतून एकेका पार्टाचे पाय घालायचे, बोर्ड उलटा करायचा आणि सोल्डरनं जोडायचे. कुठला बोर्ड कुणी केला हे कळावं म्हणून प्रत्येकीनं कोपऱ्यात आपल्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, अशी शेडच्या मालकांनी, मगदूम साहेबांनी, काढलेली रीत होती. गुलाबी, लाल, जांभळा असे बरे रंग आधीच्या बायकांनी घेतले होते. मी सगळ्यात शेवटी लागले, मला पोपटी आला. तो कुणी बोटाला लावत नाही.

"तेलाच्या हाताला सोल्डर धरतं का?" कुंदाताई विचारत होत्या. त्या लाइनच्या मुख्य. "पोरीला पाजायला जातीस, तेलात घोळलेलं लेकरू उराशी धरतीस आणि त्याच हातानं येऊन पार्टाचे पाय धरतीस. मग हे असं होतंय."

"हात पुसून बसते की मी, ताई."

"पुसून? तेल काय पुसून जातंय?"

"जाताना मी साबणानं धुते. हाताला सोल्डरचं शिसं असतं म्हणून."

"म्हणजे लेकरासाठी साबण आणि माझ्या बोर्डासाठी पदर!"

बायका हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण कान तापले होते. बोलल्या ते खरंच होतं. येताना घाई असायची.

शेजारच्या खुर्चीवरून रेहानाभाभी म्हणाली, "ट्रान्सफॉर्मर सगळ्यात जास्त हिच्याकडंच येतात, कुंदाताई. मग पोपटी जास्त निघणारच की. आणि नवा बोर्डच तसला आहे."

नवा बोर्ड खरंच तसला होता. जुन्यापेक्षा त्याचं तांबं जाड. ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी तापलेला सोल्डरिंग आयर्न टेकवला की ते तांबं सगळी धग पिऊन टाकायचं. सोल्डर छिद्रात उतरायचंच नाही. चांगला जोड पायाला बिलगून निमुळता होत जातो, देवळाच्या शिखरासारखा. कच्चा जोड वरच्या वर साबुदाण्यासारखा बसतो. दिसायला तोही चकचकीत, पण आत छिद्र रिकामं. शेतातल्या मोटरीच्या थरथरीनं तो महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. आयर्न जरा जास्त वेळ धरावा लागायचा. किती जास्त, ते हाताला कळावं लागायचं. फार धरला तर तांब्याचं कडंच बोर्डापासून उचलून यायचं. त्या बोर्डावर आम्ही सगळ्याच रडत होतो. पण परत आलेल्या खोक्यात गुलाबी दोन-चार, जांभळा एखादा आणि बाकी सगळा पोपटीच.

मगदूम साहेब केबिनमधून बाहेर आले. ते ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं, असं वाटण्याइतके मऊ बोलायचे.

"सुवर्णा, मुलगी किती महिन्यांची झाली?"

"सातवा चालू आहे, साहेब."

"मग आता वरचं देता येईल."

"देतोय, साहेब. नाचणीचं सत्त्व घेते थोडं. पण बाटली तोंडाला लावली की ओठ मिटून घेते. उघडतच नाही."

"भूक लागली की उघडेल," कुंदाताई म्हणाल्या. "आम्हीपण पोरं वाढवलीत."

साहेबांनी बोर्ड हातात फिरवला. "आपण असं करू. उद्याचा दिवस तू बाहेर जाऊ नकोस. सकाळपासून ट्रान्सफॉर्मरचेच बोर्ड कर, तेलाचा हात न लावता. संध्याकाळी मी स्वतः तपासतो. कारण काय ते कळू दे. नाहीतर तुझ्यावरही उगाच आरोप नको."

सगळ्यांना ते रास्त वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. दिवाळीनंतर कायम करायच्या बायकांत माझं नाव येईल असं ते स्वतःच म्हणाले होते. मी मान हलवली.

माझ्या पोरीच्या, चिमीच्या, प्यायच्या दोन वेळा होत्या, जेवणाच्या सुट्टीआधी एक आणि दुपारच्या चहाला एक. आत्ती, म्हणजे माझी सासू, तिला कडेवर घेऊन गेटपाशी यायच्या. वॉचमन तातोबा आपली केबिन मोकळी करून द्यायचा आणि बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा, कुणी हल्ला करणार असल्यासारखा. आत एक लोखंडी खुर्ची आणि त्याचा रेडिओ. चिमी पिता पिता रेडिओकडं डोळा ठेवायची. गाणं थांबून बातम्या लागल्या की प्यायची थांबायची. तेवढ्यात मी तिच्या पायाची बोटं मोजून घ्यायचे. सकाळी मोजलेलीच, पण परत.

घरी गेल्यावर आत्तींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"एक दिवसाचं काय एवढं," मी म्हणाले. "तुम्ही पेज करून घाला. आणू नका उद्या."

"तिला सांग की ते," आत्ती म्हणाल्या.

चिमी भिंतीला लावलेल्या सुपावर थापा मारत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. हात दोनदा धुतले. कुंदाताईंनी वास घेतला, मान डोलावली. रेहानाभाभी आपला आयर्न तापवत ठेवून माझ्याकडं झुकली.

"सुवर्णा, एक सांगू? फार चांगले करू नको हां."

"का गं भाभी?"

"चांगले झाले तर चिमी उपाशी, वाईट झाले तर तू उपाशी. मधलं काहीतरी कर."

आम्ही दोघी हसलो. कुंदाताईंनी डोळे वटारले तशा गप्प बसलो.

आणि त्या सकाळी मला तो बोर्ड सापडला. कसा ते सांगता यायचं नाही. आयर्नचं टोक आडवं, तांब्यावर चपटं टेकवायचं आणि थांबायचं. सोल्डरची तार लगेच लावायची नाही. हाताला घाई सुटते, तिला बसवून ठेवायचं. मग तार लावली की सोल्डर क्षणभर गोळा होऊन बसतं, नाही म्हणतं, आणि एकदम आत घसरतं, तहानेल्या घशातून पाणी उतरावं तसं. बोर्ड उलटा करून बघितला की पलीकडेही चकचकीत कडं आलेलं. एक झाला, दुसरा झाला. कुंदाताई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. एक बोर्ड उचलून त्यांनी ट्रान्सफॉर्मर हलवून पाहिला. हलेना. दुसरा पाहिला. चष्मा कपाळावर सारून तिसरा पाहिला.

"बघ!" त्या म्हणाल्या. मनापासून खूष झाल्या होत्या. माझ्या खांद्यावर थाप मारली. "बघ कसं होतंय! बोलले नव्हते मी? पोरगी नसली की कसा हात बसतोय तो!"

तेवढ्यात गेटकडून आवाज आला.

आत्तींनी तिला आणलीच होती. पेज थुंकली असणार, बाटलीला ओठ मिटून घेतले असणार. आधी कुरकुर, मग रडणं. शेडमध्ये एक्झॉस्ट पंखे घरघरत होते, कोपऱ्यात ड्रिल चालू होतं, पण त्या सगळ्यातून ते रडणं सरळ माझ्या टेबलापाशी आलं. त्यामागोमाग मला दूध आलं. एप्रनच्या आत ब्लाउज ओला झाल्याचं मला कळलं.

माझा आयर्न तेव्हा एका पायावर टेकलेला होता. सोल्डर गोळा होऊन बसलं होतं, अजून उतरलं नव्हतं. त्याच क्षणी हात उचलला असता तर तो जोड कच्चा राहिला असता. मी उचलला नाही. खांद्याशी कुंदाताईंचा आनंदी चेहरा होता. "पोरगी नसली की," हे शब्द अजून तिथंच टेबलावर होते. आणि रेहानाभाभीची सकाळची थट्टा मला तेव्हा कळली. मी जितके चांगले बोर्ड करेन तितकं चिमीकडं जायचं दार घट्ट लागणार होतं. माझ्याच हातानं.

सोल्डर उतरलं. जोड चमकला, मग थंड होऊन स्थिर झाला. मी आयर्न स्टँडमध्ये ठेवला, बोर्डाच्या कोपऱ्यात पोपटी ठिपका दिला आणि उठले.

"कुठं?" कुंदाताई म्हणाल्या.

"चिमीकडं."

"अगं, आज ठरलंय ना?"

"तुमचं ठरलंय. तिला कुणी विचारलं होतं?"

"एवढं छान चाललंय, आणि आता उठून मातीत घालतीस?"

मी नळावर साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, आणि गेटवर गेले. आत्तींनी चिमीला माझ्याकडं दिलं. रडून रडून तिच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. माझ्या मानेत तोंड खुपसून ती फक्त धापा टाकत राहिली. वॉचमनच्या केबिनला कुलूप होतं.

"तातोबा, उघडा की."

तातोबा टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "किल्ली साहेबांनी नेली, बाई. आज उघडायची न्हाई म्हणाले. मी म्हणलं त्यास्नी, बाईमाणसाचं काम हाय, तर म्हणाले, एक दिवस."

"मग कुठं बसू मी? रस्त्यावर?"

"चल घरी," आत्ती म्हणाल्या. "चल बाई, दुसरं काम बघू. शिवायला बस. न्हाईतर मी जातीय रानात भांगलायला."

मी गेटच्या बाहेर बघितलं. घर होतंच की. घरी गेले असते तर कुणी अडवलं नसतं. सगळ्यांना उलट बरंच वाटलं असतं. पोर सांभाळायला गेली, म्हणाले असते, चांगली आई आहे. चिमीनं माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरून ओढली.

"तुम्ही सावलीत बसा, आत्ती," मी म्हणाले आणि परत आत वळले. शेडमध्ये नाही. तिथं सोल्डरचा धूर होता. त्या धुरात मी तिला कधीच नेलं नाही, त्या दिवशीही नाही. धूर नसलेली, दार असलेली, बसायला खुर्ची असलेली एकच जागा तिथं होती.

मगदूम साहेबांच्या केबिनमध्ये तासगावचे डीलर बिरनाळे अण्णा बसले होते. जाडजूड गृहस्थ, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. परत आलेले बोर्ड त्यांच्याच गिऱ्हाइकांचे. ते मोठमोठ्यानं बोलत होते आणि साहेब मऊ आवाजात उत्तरं देत होते. मी दार ढकलून आत गेले. अण्णांच्या शेजारची खुर्ची भिंतीकडं ओढली, बसले, पदर पुढं घेतला आणि चिमीला पाजायला घेतलं.

चिमीच्या पहिल्या घोटांचा आवाज तेवढा आला. ती उपाशी असली की घाईघाईनं, घुटुक घुटुक आवाज करत प्यायची.

"सुवर्णा," साहेब म्हणाले, "हे काय? इथं बोलणं चाललंय."

"चालू द्या की, साहेब. ती ऐकत नाही."

"बाहेर जा आधी."

"बाहेरच्या केबिनला कुलूप आहे. आत धूर आहे. इथं धूर नाही."

बिरनाळे अण्णांनी सगळी खुर्ची करकर वाजवत फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसले. मानेपर्यंत लाल झाले होते.

"आज एक दिवस थांबायचं ठरलं होतं," साहेब म्हणाले. "मी काय अन्याय करत होतो का? तपासणीच करत होतो ना? बोर्ड कसे झालेत?"

"चांगले झालेत. आजपर्यंत झाले नव्हते इतके."

"मग?"

"म्हणूनच आले, साहेब. संध्याकाळी तुम्ही काय म्हणणार होता? मुलगी नव्हती म्हणून चांगले झाले, आता बंद कर. आणि बिघडले असते तर? हिला जमतच नाही, बंद कर. मग दूध चालू राहील असा कुठला निकाल होता ह्यात?"

साहेबांनी पेपरवेट उचलून दुसरीकडं ठेवला.

"हे बघ, ह्यांच्या गिऱ्हाइकांच्या मोटरी बंद पडल्यात. खराब जोडांची जबाबदारी कुणाची मग?"

"माझी. पोपटी आहे तो माझा. तुम्ही मला परत करायला लावा, सुट्टीच्या दिवशी बोलवा. नाहीच जमलं तर काढून टाका. पण ते बोर्डाचं बोर्डापाशी. तिची भूक त्यात घालू नका. मी चांगलं सोल्डर करते म्हणून ती पिते असं नाही, आणि वाईट करते म्हणून तिची भूक जात नाही."

माझा आवाज कापत होता. चिमीला ते जाणवलं असावं. तिनं पिणं थांबवून पदराखालून माझ्या हनुवटीवर हात फिरवला, दाढी असल्यासारखा, आणि परत प्यायला लागली.

कॅलेंडरकडं बघत अण्णा म्हणाले, "मगदूम, चला, आपण चहा घेऊन येऊ."

"अण्णा, ही माझी केबिन आहे."

"हाय की. पण सध्या न्हाई." ते उठले, भिंतीला घासत, माझ्याकडं पाठ ठेवून दाराशी गेले. "आणि बाई, ते बोर्ड तेवढे नीट करा. लोक मला शिव्या घालत्यात."

"करते, अण्णा."

साहेब टेबलावरची फाइल उचलून बाहेर गेले. दार लावून घेतलं त्यांनी. आपटलं नाही.

चिमी सावकाश प्यायली. मीही घाई केली नाही.

शेडमध्ये परत आले तेव्हा सगळ्या माना वर होत्या. रेहानाभाभीनं माझा आयर्न मधे मधे पुसून ठेवला होता. कुंदाताई पाण्याचा मग आणि साबण घेऊन उभ्या होत्या.

"हात पुढं कर," त्या म्हणाल्या. "तू काय वाटेल ते कर. पण तेल ते तेलच."

मी हात पुढं केले. त्यांनी पाणी घातलं. बोटांच्या बेचक्या चोळून घे म्हणाल्या. मी घेतल्या.

दुपारच्या चहाला आत्ती परत आल्या. मी चिमीला घेऊन सरळ केबिनकडं गेले. मला दारात बघून साहेबांनी फाइल उचलली आणि बाहेर आले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. वॉचमनच्या केबिनचं कुलूप नंतर निघालं. तातोबानं मला ते दाखवलंही, पण मी तिकडं गेले नाही. ह्या खुर्चीला गादी होती.

दिवाळी झाली. कायम झालेल्यांत माझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. परत येणाऱ्या बोर्डांत पोपटी ठिपके कमी झाले. ते माझ्या हातानं, की कुंदाताईंच्या साबणानं, की त्याच सुमाराला आलेल्या जास्त धगीच्या आयर्ननं, ते कुणालाच ठरवता आलं नाही. ते आधीचे जोड माझ्यामुळेच कच्चे राहिले असतील, नसतीलही. आज चिमी शाळेत सायकलनं जाते, आणि मी अजून बोर्डच करते, दुसऱ्या शेडमध्ये. जोड कुणामुळे कच्चे राहिले, ते मला तेव्हाही सिद्ध करायचं नव्हतं आणि आताही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चिमी उभी राहायला लागली. एक दिवस केबिनमध्ये तिनं दोन घोट घेतले, पदर बाजूला सारला, माझ्या मांडीवरून घसरत खाली उतरली आणि साहेबांच्या फिरत्या खुर्चीला धरून उभी राहिली. खुर्ची फिरली की ती पडायची, हसायची, परत उठायची. दुसऱ्या दिवशी तिनं तोंडच फिरवलं. मी थोडं पुढं केलं, तर माझ्या छातीवर दोन्ही हात टेकवून तिनं मला ढकललं. मी रडले. पण ते वेगळं रडणं होतं, आणि ते फक्त माझं नि तिचं होतं.

त्यानंतरच्या दिवशी आत्तींना मी येऊ नका म्हणून सांगितलं. चिमीची वेळ झाली तेव्हा मी टेबलाशीच होते. एका ट्रान्सफॉर्मरच्या पायावर आयर्न टेकवलेला होता.

रेहानाभाभीनं मला कोपरानं ढोसलं. "तिकडं बघ."

केबिनच्या बाहेर, दाराला पाठ लावून, मगदूम साहेब फाइल हातात घेऊन उभे होते. वेळ झाली तसे, मी आलेच असेन असं धरून, सवयीनं उठून बाहेर आले होते. आत कुणीच नव्हतं. मधून मधून घड्याळ बघत होते आणि दार उघडायची वाट बघत होते.

"सांग की त्यांना," भाभी हसू दाबत कुजबुजली. "आत जा म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले. पण मान वर केली नाही. सोल्डर अजून छिद्रात उतरायचं होतं.